जर्मन आत्या

पुण्यात अकरावीला जर्मन घेणाऱ्या बहुतेक मुलांना जर्मनीशी काही देणंघेणं नसतं. विषय स्कोअरिंग आहे, एवढं कारण पुरतं. मराठीच्या पेपरात पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या तरी तपासणाऱ्याचा हात आखडताच राहतो. जर्मनमध्ये गाळलेल्या जागा बरोबर भरल्या की मार्क कुणी अडवत नाही. नव्वदीच्या दशकात मीही याच हिशेबाने फॉर्मवर जर्मनपुढे खूण केली. पहिलं वर्ष मजेत गेलं. माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते, मला चहापेक्षा कॉफी आवडते. बारावीत विशेषणं खोलात जाऊन सुरू झाली आणि निम्मा वर्ग हिंदी का घेतलं नाही म्हणून हळहळू लागला.

जर्मनचा गंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जर्मनमध्ये नामाच्या आधी विशेषण आलं की त्याला प्रत्यय लागतो. तो कुठला, हे ठरतं नामाच्या लिंगवचनावरून, विभक्तीवरून, आणि विशेषणाच्या आधी ‘डेर-डी-डास’पैकी काही आहे, ‘आइन’ आहे की काहीच नाही, यावरून. लिंगं तीन, चौथं अनेकवचन, विभक्त्या चार. म्हणजे १६ घरांचा एक तक्ता, आणि असे तक्ते तीन. एकूण ४८ घरं. ते तक्ते फळ्यावरून वहीत उतरले आणि पीएमटीच्या बसमध्ये उभ्याउभ्या ‘एर, एन, एम, एन’ असं घोकणं सुरू झालं. पाठ व्हायचं सगळं. पण वाक्य समोर आलं की नेमकं कुठल्या घरात शिरायचं ते सुचायचं नाही.

मला त्या घरांतून बाहेर काढलं जर्मन आत्यांनी. हे नाव वाड्याने ठेवलेलं. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात त्या माडीवर राहत. माहेर मालवणकडचं, लग्न होऊन पुण्यात आल्या आणि लवकरच एकट्या पडल्या. साठीच्या दशकात दिवसा टायपिस्टची नोकरी आणि संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन, असं करत त्यांनी परीक्षा दिल्या. पिंपरी-चिंचवडकडे तेव्हा जर्मन सहकार्याने कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात त्या लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिकडून येणारी पत्रं, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या बारीक सूचना आणि मशीनची जाडजूड माहितीपुस्तकं मराठी-इंग्रजीत आणत राहिल्या. जर्मनीला मात्र कधी गेल्या नाहीत. कंपनीने साहेबांना पाठवलं. जिला भाषा येते तिला पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हे त्या रागाने सांगत नसत. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा सांगत.

आई मला घेऊन माडीवर गेली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, “आत्या, फी काय ते सांगा.”

“फी घेतली तर हिला सिलॅबस शिकवावा लागेल,” आत्या म्हणाल्या. “नाही घेतली तर मला आवडेल ते शिकवता येईल. तुम्हीच ठरवा.”

आई जरा धास्तावली, पण फुकट ते पौष्टिक म्हणून खाली आली.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी वही उघडली, तिन्ही तक्ते पाहिले आणि वही मिटून बाजूला ठेवली. “चांगला मुलगा. आता त्याला पुस्तक दे.”

“चांगल्या मुलाला पुस्तक दिलं.”

“चांगल्याच्या त्या ‘ला’चं ‘ल्या’ कुणी करायला सांगितलं?”

कुणीच नाही. शाळेत विकारी आणि अविकारी विशेषणं, सामान्यरूप वगैरे होऊन गेलं होतं, पण ते सगळं मार्कांपुरतं. आत्यांनी मागच्या फळीवरून मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढलं. १९११ सालचा ग्रंथ. दामले म्हणजे केशवसुतांचे बंधू, हेही मला तेव्हाच कळलं. त्याच्या शेजारी शुल्त्स आणि ग्रीसबाख यांचं परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं जर्मन व्याकरण होतं, १९५५ पासून जगभर वापरलं गेलेलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवायची आणि मधे इंग्रजी येऊ द्यायची नाही, एवढीच त्यांची पद्धत. वर्गात आम्ही जर्मन शिकत होतो ते इंग्रजीच्या खिडकीशी उभं राहून. इंग्रजीत विशेषण ढिम्म हलत नाही, त्यामुळे जर्मन विशेषण हललं की आम्हाला संकट वाटायचं. मराठी मुलीला त्यात संकट वाटावं, याचाच आत्यांना संताप होता.

मग त्यांनी पहिला तक्ता माझ्याकडूनच मोजून घेतला. ‘डेर-डी-डास’नंतर येणाऱ्या विशेषणाची १६ घरं, त्यातल्या पाचांत ‘ए’, उरलेल्या ११ घरांत ‘एन’. आपलं विशेषण विभक्तीच्या नामाआधी ‘ल्या’ होतं, त्यांचं बहुतेक ठिकाणी ‘एन’ होतं. पाच अपवाद लक्षात ठेव, बाकी डोळे मिटून ‘एन’ लिही. मग पुढचा प्रश्न: आधी ‘डेर’ वगैरे काही नसेल तर? यासाठी त्यांनी दिलेला दाखला अजून माझ्या डोक्यात घट्ट आहे. लग्नघरात पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणायला दारात कुणीतरी एक उभं पाहिजे. मोठे काका उभे असतील तर बाकीच्यांनी आत लोळायला हरकत नाही. काका नसतील तर धाकट्याला सदरा घालून उभं राहावंच लागतं. लिंग आणि विभक्ती सांगायचं काम कुणीतरी केलंच पाहिजे. ‘डेर’ने केलं असेल तर विशेषण सैल सुटतं, ‘डेर’ नसेल तर त्याचाच ‘एर’ विशेषण अंगावर घेतं. डेर वाइन, पण गूटर वाइन. डास वासर, पण काल्टेस वासर. मिट डेम वासर, पण मिट काल्टेम वासर. ‘आइन’ हा अर्धवट काका. काही ठिकाणी त्याला नीट सांगता येत नाही, तेवढ्यापुरता धाकटा पुढे होतो. ४८ घरांत मिळून प्रत्यय पाचच आहेत, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं.

या बिनडेरच्या प्रत्ययांसाठी त्यांच्याकडे कारखान्यातल्या पत्रांची पुंजी होती. प्रत्येक पत्र ‘झेर गेएर्टे हेरेन’ने सुरू व्हायचं आणि ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’ने संपायचं, मधे कुठेतरी ‘मिट बेस्टेम डांक’ असायचं. तीन ओळींत तीन प्रत्यय, जन्मभर न विसरण्यासारखे. त्यांचं बोलणंही असंच होतं. जन्मभर व्यापारी पत्रं वाचल्यामुळे साधं पाणी मागतानासुद्धा जर्मनमध्ये त्या ऑर्डर नोंदवल्यासारख्या बोलत. उच्चारही मॅक्सम्युलर भवनातल्या बाईंसारखे घोटीव नव्हते. मला ते तेव्हाही आवडायचं.

लिंगांच्या बाबतीत मराठी मदत करते आणि दगाही देते. तिन्ही लिंगं आपल्याकडे असल्यामुळे निर्जीव वस्तूला पुरुष किंवा बाई म्हणण्यात आपल्याला नवल वाटत नाही. पण चमचा, काटा, सुरी यांची लिंगं त्यांनी आपल्याला विचारून ठरवलेली नाहीत: चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर आमच्या वर्गात हशा पिकला होता. आत्यांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. “आमच्याकडे चेडू नपुंसकलिंगीच,” त्या म्हणाल्या. मालवणीत ‘तां चेडू’, गोव्याच्या कोंकणीतही लहान मुलीला ‘तें’. पेठेतल्या मराठीपुढे ज्या बोलीला त्या स्वतःच कधी कधी ‘आमचं गावठी’ म्हणत, ती थेट गटेच्या भाषेशी जाऊन बसली. त्या दिवशी बाई भारी खुशीत होत्या.

काही गोष्टी चुटकीसरशी झाल्या. शहरांच्या नावांवरून झालेली विशेषणं जर्मनमध्ये अजिबात बदलत नाहीत: बर्लिनर, म्युन्शनर, क्योल्नर, मागे पुढे काहीही असो. “पुणेरी पगडी, पुणेरी जोडा, पुणेरी माणसाला. बदलतो का पुणेरी?” “नाही.” “मग झालं.” ‘आले’ आणि ‘फीले’ यांच्यानंतर प्रत्यय वेगळे का, हे मात्र पाठच करायला लावलं: सगळी चांगली पुस्तकं म्हणजे ‘आले गूटेन ब्यूशर’, पुष्कळ चांगली पुस्तकं म्हणजे ‘फीले गूटे ब्यूशर’. परीक्षकांची ही लाडकी जागा आहे, एवढं कारण त्यांनी दिलं. सिलॅबसशी त्यांचं वैर तसं वरवरचंच होतं. तर-तम रूपांतही फार वेळ गेला नाही. ‘होख’ नामाआधी आलं की ‘होहे’ होतं, ‘गूट’चं ‘बेसर’ होतं, ‘गेर्न’चं ‘लीबर’. ‘ये मेर, डेस्टो बेसर’ ही रचना वर्गात दोन तास चालली होती. आत्यांनी ‘जितकं जास्त तितकं बरं’ म्हटलं आणि पुढच्या पानावर गेल्या.

खरं मन रमायचं ते त्यांच्या माहितीपुस्तकांत. तिथली विशेषणं एका शब्दाची नसत. ‘डी फोम हेरश्टेलर फोरगेश्रीबेने ओलमेंगे’: ‘डी’ पहिल्यांदा, नाम अगदी शेवटी आणि मधे अख्खं वाक्य कोंबलेलं. इंग्रजीतून आलेला माणूस इथे अक्षरशः गुदमरतो, कारण त्याला ही गाठ सोडून नामाच्या मागे न्यावी लागते. मराठीत? ‘कारखान्याने ठरवून दिलेलं तेलाचं माप.’ शब्दाला शब्द त्याच क्रमाने. मंडईतून काल आणलेली, अजून न निवडलेली मेथी. हे वाक्य कुठलीही आई स्वयंपाकघरातून ओरडून म्हणते आणि आपण एक विस्तारित धातुसाधित विशेषण वापरलं हे तिच्या गावीही नसतं. उकळतं पाणी ‘कोखेंडेस वासर’, उकळलेलं पाणी ‘गेकोख्टेस वासर’. आणि ज्याला जर्मन व्याकरणकार लॅटिनमधलं भारदस्त नाव देतात ते ‘डी त्सू प्र्यूफेंडे माशीने’ म्हणजे आपलं साधं ‘तपासायचं मशीन’. हे बारावीला नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी पोट भरायला उपयोगी पडलं ते हेच.

क्रियाविशेषणांना आत्या जास्त मान देत. “विशेषणाचा प्रत्यय चुकला तर अर्धा मार्क जातो. क्रियाविशेषण चुकलं तर बोल्ट तुटतो,” असं त्यांचं म्हणणं. यामागे शॉपमधला अनुभव होता. सूचनेत ‘हांटफेस्ट’ लिहिलेलं असलं तर फिटरला सांगायचं, हाताने बसेल तेवढंच बसव, पाना लावायचा नाही. नुसतं ‘फेस्ट’ असलं तर पाना लावून घट्ट. आणि ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ; त्याचा इंग्रजी वेगाशी काही संबंध नाही. मशीन उभारायला आलेल्या एका जर्मन फिटरकडून त्यांनी तिकडच्या कामगारांचं एक वाक्य उचललं होतं: ‘नाख फेस्ट कोम्ट आप’. घट्टच्या पुढे गेलं की तुटतं. फार जोर लावून आटे घालवणाऱ्या पोरांना हे सुनवायचं असतं. आत्या ते मला सुनवत, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी रात्र रात्र जागायला लागले तेव्हा.

क्रियाविशेषणाला जर्मनमध्ये प्रत्यय नसतो, हे ऐकायला सोपं वाटतं. इथेच मराठी मूल फसतं. तो चांगला गातो, ती चांगली गाते. आपलं क्रियाविशेषण हळूच कर्त्याचं लिंग उचलतं. तिकडे दोघंही ‘श्योन’च गातात. नामानंतर आलेलं विशेषणही तसंच कोरडं: घर मोठं आणि वाडा मोठा असला तरी त्यांच्याकडे दोन्ही नुसते ‘ग्रोस’. आत्यांनी माझ्या वहीत या दोन जागांभोवती तांबडं कुंपण घातलं होतं. मराठीवर कितीही भिस्त असली तरी तिचा पाय कुठे घसरतो ते त्या लपवत नसत.

वाक्यातला क्रम शिकवायला वर्गात ‘टेकामोलो’ असा मंत्र दिला होता: आधी केव्हा, मग का, मग कसं, शेवटी कुठे. आत्या म्हणाल्या, “मी सकाळी बसने पिंपरीला जायचे. ह्यात काय मंत्र म्हणायचाय?” ‘हिन’ आणि ‘हेर’ तर त्यांनी जिन्यावरच शिकवलं. वर उभ्या राहून त्या हाक मारत, “कोम हेराउफ!”, आणि खालून मी म्हणायचं की मी वर चालले, ‘हिनाउफ’. बोलणाऱ्याकडे येणं ते हेर, त्याच्यापासून जाणं ते हिन. घेऊन ये आणि घेऊन जा यांत मराठी माणूस गोंधळत नाही, तर इथे का गोंधळावं?

आणि मग ते बारके शब्द, जे परीक्षेत कुणी विचारत नाही आणि ज्यांच्यावाचून जर्मन माणूस दोन वाक्यं बोलत नाही. ‘कोम डोख!’ म्हणजे ‘ये ना!’. ‘डू बिस्ट या शोन डा!’ म्हणजे ‘आलीस की!’. ‘माल’ म्हणजे ‘जरा’. आठ वाजले हे सांगताना ‘शोन आख्ट’ म्हटलं तर आठ वाजलेसुद्धा, ‘एर्स्ट आख्ट’ म्हटलं तर आत्ता कुठे आठ. मी उशिरा पोचले की आत्या पहिलं म्हणत आणि मी दुसरं. शुल्त्स-ग्रीसबाखमधून हे येत नाही. दोन भाषा जिच्या तोंडात वर्षानुवर्षं शेजारी राहिल्या, तिच्याकडूनच मिळतं.

मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेच्या भीषणपणावर एक लांबलचक निबंध लिहिला. त्यात विशेषणांच्या रूपांची यथेच्छ टिंगल आहे, आणि ती खरोखर हसू आणते. इंजिनिअरिंगला असताना लायब्ररीत तो मिळाला, तेव्हा मोठ्या उत्साहाने मी आत्यांना वाचून दाखवला. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “त्याला मराठी येत नव्हतं, दुसरं काय!”

त्याआधी, बारावीचा पेपर देऊन आले त्या दुपारी, त्यांनी कसा गेला असं विचारलं नाही. प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि पेन्सिलीने सगळ्या गाळलेल्या जागा स्वतः भरल्या. निकालाचे पेढे दिले तेव्हा मार्क ऐकून ‘बरं’ म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, आता जर्मन सोडणार का? बाकी सगळ्या वर्गाने सोडलं. मला ते सोडवलं नाही, आणि या एका गोष्टीचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. पुढे चाकणकडच्या एका कंपनीत मशीनच्या कागदपत्रांचं काम मिळालं, त्या मुलाखतीत समोर ठेवलेल्या पानावर असंच एक फुगलेलं विशेषण होतं. माझ्याआधी आलेले दोघे तिथेच अडकले, असं नंतर कळलं. मी ‘डी’वरून नामावर उडी मारली आणि मधला मजकूर मराठीत वाचून दाखवला.

२००२च्या हिवाळ्यात कामासाठी श्टुटगार्टजवळ राहत होते. युरोच्या नोटा नव्या कोऱ्या होत्या आणि दुकानदार अजून मनातल्या मनात मार्कांत हिशेब करत. एकदा असेंब्लीत एका पोराने पान्यावर नको इतका जोर दिला आणि शेजारचा म्हातारा पुटपुटला, “नाख फेस्ट…” मी पुढचं पूर्ण केलं. त्याने वळून पाहिलं. हे कुठे शिकलात? पुण्यात, म्हटलं, नारायण पेठेत.

त्या रात्री आत्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्यांनी दाखवलेल्या रीतीने, ‘मिट बेस्टेम डांक’ वगैरे सगळं जागच्या जागी. काही आठवड्यांनी माझंच पत्र परत आलं, तांबड्या शाईने तपासून. प्रत्यय सगळे शाबूत होते. पण जिथे जिथे मी ‘डास’ हा उभयान्वयी शब्द नव्या नियमाने दोन ‘एस’ घालून लिहिला होता, तिथे तिथे त्यांनी ते खोडून जुनं ‘एस्त्सेट’ बसवलं होतं. १९९६ साली ठरलेली आणि १९९८च्या ऑगस्टपासून शाळा-कचेऱ्यांत लागू झालेली ती शुद्धलेखनाची सुधारणा त्यांना मान्य नव्हती. खाली मराठीत लिहिलं होतं: “बाकी ठीक. येताना चॉकलेटं आणू नकोस, दातांना चिकटतात. नवा डूडन आण. काय काय बिघडवून ठेवलंय ते एकदा नीट बघायचंय.”

आणला. विटेएवढा जड तो कोश, त्यापायी दोन स्वेटर तिथेच टाकून आले. आत्यांनी भिंगाखाली धरून आधी मागची किंमत वाचली. मग त्या दिवशीचा ‘सकाळ’ मागवला, युरोचा भाव काढला, पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला आणि फळीवरच्या डब्यातून नोटा मोजायला घेतल्या.

“आत्या, राहू द्या ना. तुम्ही माझी कधी फी घेतलीत का?”

“ती मी घेतली नाही, तो माझा प्रश्न. पुस्तक मी मागवलंय.” नोटा माझ्या हातात कोंबून त्यांनी कागदावरची बेरीज पुन्हा एकदा पाहिली. “ह्यात तीन रुपये वर गेलेत. उद्या आणून दे.”